टँगच्या मागे पुन्हा पुन्हा पडणारी चीर: चकमकीच्या लाँगरायफलच्या दस्त्याची समस्या आणि तपासणी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरच्या आसपास, अठराव्या शतकात जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. त्या धर्तीवर आज हाताने केलेल्या चकमकीच्या रायफलींना एक दुखणं हमखास होतं. दस्ता सुरेख उतरतो, तेल-पॉलिश होतं आणि वीसतीस बार झाल्यावर किंवा एक हिवाळा उलटल्यावर टँगच्या टोकापासून मागे केसाएवढी रेघ दिसू लागते. बहुतेक जण ती सुपरग्लूने भरतात. पुढच्या मोसमात तीच चीर पुन्हा उघडते आणि आता बोटभर लांब झालेली असते. भरण्यात चूक नसते. ती पाडणारं लोखंड लाकडाला टेकलेलंच राहिलेलं असतं. म्हणून आधी टेकणी शोधायची, डिंक-गोंद नंतर.

शब्दांचा घोळ नको म्हणून: दस्ता म्हणजे नळीखालचं सगळं लाकूड. लॉक म्हणजे घोडा असलेली, ठिणगी पाडणारी यंत्रणा. मनगट म्हणजे लॉक संपल्यावर मुठीत येणारा बारीक भाग. नळीचं बूड ज्या बुचाने बंद केलेलं असतं, त्या बुचाची मागे निघालेली चपटी शेपटी म्हणजे टँग. टँगमधून एक बोल्ट लाकूड भेदून खाली चापाच्या पट्टीत जातो. लॉक उजव्या अंगाच्या खोबणीत बसतं. मनगटाच्या तोंडाशी नळीची खोबण, लॉकची खोबण, चापाची फट आणि टँग बोल्टचं भोक एकत्र येतात, ठासणीच्या गजाचं भोकही जवळच संपतं. सगळ्या दस्त्यात सर्वांत कमी लाकूड इथे उरतं आणि बाराचा धक्काही इथेच येतो.

लक्षणं

- टँगच्या मागच्या टोकाच्या मधोमध एकच बारीक चीर. टँगचं टोक लाकडावर ठोकतंय.
- टँगच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन चिरा. टँगच्या कडा पाचरीसारख्या रुतताहेत.
- लॉकच्या मागच्या टोकापासून मनगटाकडे तिरकी जाणारी चीर. लाकूड सुकून लॉकवर आवळलंय, नाहीतर लॉकचं शेपूट मागे टेकलंय.
- टँग बोल्ट दर वेळी पाव आटा जास्त फिरतो. खालचं लाकूड चेपतंय किंवा सुकतंय.
- टँगच्या पुढच्या भागात लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये काळपट फट. बार झाला की नळी मागे सरकते आहे.
- लॉकचे स्क्रू आवळले की घोडा सुस्त पडतो किंवा अर्ध्या चढणीवर नीट अडकत नाही. चीर अजून नसेल तरी हे लक्षण तिच्या आधीचं समजा.
- पुढच्या पातळ लाकडात, नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिनांभोवती बारीक चिरा. याचं कारण वेगळं आहे, खाली येतंच.

हात लावण्याआधी नळी रिकामी आहे याची खात्री. घोड्याच्या जबड्यातली गार (चकमकीचा दगड) काढून ठेवा. गज नळीत टेकेपर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलची खूण करा, मग बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक कानापाशी, म्हणजे आग आत जाते त्या नळीच्या बाजूच्या भोकापाशी, पोचायला हवं. दोन बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे. मग ही तपासणी तिथेच संपली, आधी ते जाणकाराकडून काढून घ्या.

कायद्याचंही इथेच सांगतो. अमेरिकेत १९६८चा केंद्रीय कायदा अशा काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुकांना 'प्राचीन' गटात धरतो, पण राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदूक बनवायला परवाना लागतो आणि दुरुस्तीचा धंदाही परवान्याचाच आहे. त्यामुळे भारतातल्या वाचकाने पहिल्या तीन तपासण्या कराव्यात, आपली परवान्याची ठासणीची बंदूक कुठे दुखते ते ओळखावं आणि पुढचं काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडे द्यावं.

१. चीर आहे की नुसती रेघ?

खर्च चिंधीभर टर्पेंटाइनचा. संशयित जागेवरून ओली चिंधी फिरवा आणि वरचं सुकेपर्यंत थांबा. वरचा पृष्ठभाग सुकतो, पण चिरेत शिरलेलं टर्पेंटाइन सुकत नाही आणि गडद रेघ मागे राहते. पॉलिशला पडलेली नुसती भेग असेल तर सगळं एकदमच सुकतं.

हे महत्त्वाचं अशासाठी की या रायफलींचं लाकूड बहुधा लहरी मेपल असतं. वाघाच्या अंगासारखे दिसणारे ते पट्टे लाकडाच्या रेषांना आडवे जातात, चीर रेषांच्या बाजूने जाते. पॉलिशखाली दोन्ही सारखेच दिसू शकतात. चीर खरी निघाली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक आडवी खूण करा, शेजारी तारीख घाला. पुढच्या महिन्यात ती वाढली की थांबली, हे त्याशिवाय कळत नाही.

२. स्क्रू

व्यवस्थित धार लावलेला, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. टँग बोल्ट ढिला असेल तर प्रत्येक बाराला नळी उसळते आणि टँग लाकडावर हातोड्यासारखी आपटते. बोल्ट हाताला अडेपर्यंत आणि वर जेमतेम पाव आटा, बस. त्यावर जोर लावला तर टँग आणि चापाची पट्टी यांच्यामधलं लाकूड चेपलं जातं आणि चार दिवसांनी बोल्ट पुन्हा ढिला.

लॉकच्या स्क्रूंचं उलटं. ते बहुधा गरजेपेक्षा जास्त आवळलेले सापडतात. लॉकला फक्त नळीच्या अंगाशी टेकवून धरायचं असतं, लाकडात दाबायचं नसतं. दोन्ही स्क्रू अर्धा आटा सैल करून घोडा चढवून बघा. सैल असताना खटका स्वच्छ वाजतो आणि आवळल्यावर दबतो, तर लॉकचा एखादा भाग आत लाकडाला घासतोय. सहाव्या तपासणीत तो सापडेल.

३. टँगमागे कागद

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त उत्तरं देणारी तपासणी. पोस्टकार्डाची पातळ पट्टी कापा आणि टँगच्या मागच्या टोकाशी, लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवून बघा. जायला हवी. निदान पाव ते अर्धा मिलिमीटर मोकळीक तिथे असलीच पाहिजे.

नवा कारागीर नेमका इथेच फसतो. खोबण जितकी घट्ट तितकं काम चांगलं, असं त्याला वाटतं. टँगभोवती केस मावणार नाही अशी बसवणूक दिसायला लाजवाब असते. पण बार झाला की नळी मागे ढकलली जाते. तो धक्का नळीच्या बुडाची रुंद मागची बाजू सगळ्या लाकडावर पसरून घेते, अशी मूळ योजना असते. बूड जरासं आधांतरी राहिलं आणि टँगचं टोक टेकलेलं असलं, तर सगळा धक्का दहाबारा मिलिमीटर रुंदीच्या लोखंडावर येतो आणि तेही रेषांच्या दिशेने. सरपण फोडताना पाचर याच जागी धरतात.

पट्टी जात नसेल तर टोकामागचं लाकूड धारदार सुरीने उभ्या रेषेत खरवडून मोकळं करा. वरून दिसेल म्हणून घाबरू नका. वरच्या कडेला केसभर आणि खाली थोडं जास्त मोकळं केलं की दिसतही नाही.

४. ओलावा

पिनांचा साधा ओलावामापक आणा, तो नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल. सुटा दस्ता आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर तोला. तीन आठवडे वजन बदललं नाही तर लाकूड त्या खोलीशी जुळलंय.

आकडे पाहिले की याचं महत्त्व कळतं. हवेत ८० टक्के दमटपणा असेल तर लाकडात सुमारे १६ टक्के ओलावा राहतो, ३० टक्के असेल तर सुमारे ६. साखर-मेपल पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ९.९ टक्के आकसतं, गाभ्यापासून सालीच्या दिशेने ४.८ टक्के, लांबीत जवळजवळ नाहीच. न्यू जर्सीतल्या बेसमेंटमध्ये ऑगस्टात लॉकची खोबण कोरली आणि जानेवारीत हीटर चाललेल्या दिवाणखान्यात रायफल टांगली, तर २२ मिलिमीटर उंचीची खोबण सर्वांत वाईट दिशेने पाऊण मिलिमीटरपर्यंत आकसू पाहते. आतलं पोलाद आकसत नाही. कुठेतरी तडकणं आलंच.

सागवान निम्म्याच्या आसपास आकसतं (५.८ आणि २.५ टक्के), त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात ते मेपलपेक्षा शांत राहतं. भारतातल्या जुन्या तोडेदार बंदुकांची रचना याबाबतीत शहाणी होती. नळी पिनांनी न जखडता दस्त्याला कातडी वादीने किंवा धातूच्या कड्यांनी बांधलेली असे, लाकडाला हलायला वाव राहायचा.

उपाय सोपा पण कंटाळवाणा. कोरीवकामाआधी लाकूड जिथे रायफल राहणार त्याच घरात आणून ठेवा आणि ६ ते ९ टक्क्यांवर स्थिर होऊ द्या. झालेल्या रायफलीत खोबणींच्या आतून तेलाचे दोन हात दिले आहेत का तेही बघा. बाहेरून आरसा आणि आतून कोरडं ठाक, असे दस्ते फार.

५. नळी काढून बुडाची टेकणी बघणं

इथून पुढे मोडतोड होऊ शकते, म्हणून घाई नको.

टँग बोल्ट आणि लॉक आधी काढा. मग पिना. त्या साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या असतात. त्याहून किंचित बारीक, सपाट टोकाचा पंच घ्या आणि हलक्या हाताने ठोका. पिन हलत नसेल तर दुसऱ्या बाजूने बघा. नळी १०७ सेंटिमीटर लांब, वजनदार, आणि पुढच्या लाकडाच्या भिंती दोनअडीच मिलिमीटर. तोंडाकडून नळी उचकटली तर मेपल सरळ मोडतं. रायफल गादीवर उलटी धरा, दस्ता हातात तोलून नळीला रबरी हातोडीने लांबीभर हलके ठोके द्या. ती आपल्या वजनाने सुटते.

आता काजळी. निरांजनावर ताटली धरून काजळी जमवा आणि खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत खला. नळीच्या बुडाच्या मागच्या तोंडाला आणि टँगच्या टोकाला ब्रशने अगदी पातळ थर द्या. जाड थर खोटं बोलतो, न टेकलेल्या जागीही डाग पाडतो. नळी सरळ खाली बसवा, बोल्ट हाताने आवळा, तोंडावर लाकडी ठोकळा ठेवून मागच्या दिशेने एक टिचकी द्या आणि पुन्हा काढा.

खोबणीच्या मागच्या भिंतीचा निदान पाऊण भाग काळा दिसायला हवा. टँगमागे काळं अजिबात नको. बहुतेक दुखऱ्या रायफलींत उलट दिसतं: टँगमागे ठसठशीत काळा ठिपका आणि बुडामागे दोन कोपरे सोडून कोरं लाकूड.

आधी टँगमागचं लाकूड मोकळं करा आणि पुन्हा काजळी लावून बघा. बूड आता आपोआप टेकलं तर काम झालं. नाही टेकलं तर मोह होतो तो मागची भिंत खरवडून नळी आणखी मागे न्यायचा. करू नका. नळीचा कान लॉकवरच्या रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीसमोर यावा म्हणून नळीची जागा आधीच पक्की झालेली असते. नळी मिलिमीटरभर मागे गेली की कान वाटीच्या मध्यावरून ढळतो आणि बार चुकू लागतात. इथे लाकूड काढायचं नसतं, भरायचं असतं.

भरायला सावकाश सुकणारा इपॉक्सी, त्यात चिमूटभर तपकिरी रंग. त्याआधी बुडाला, टँगला, बोल्टला आणि आट्यांना बुटांच्या मेणपॉलिशचे दोन थर, कानात मऊ मेण. एक जागा सुटली तर नळी दस्त्याला कायमची चिकटते. मागच्या भिंतीवर तांदळाच्या दोनतीन दाण्यांइतका इपॉक्सी पुरतो. नळी बसवा, बोल्ट जेमतेम आवळा, बाहेर आलेला लगेच पुसा, दुसऱ्या दिवशी काढा. टँगमागची मोकळीक इपॉक्सीने बुजली नाही ना, हे पट्टीने पुन्हा तपासा.

त्याच बैठकीत दोन गोष्टी आणखी. टँगच्या बाजूंना वरून खाली किंचित आत जाणारा उतार हवा, म्हणजे वरची कड बसते आणि खालचा भाग मोकळा राहतो. उतार उलटा असेल तर खालची कड लाकडात रुतते आणि कोपऱ्यांतून चिरा निघतात. कानशीने एकदोन अंश घासून घ्या. दुसरं, बोल्टचा दांडा लाकडातल्या भोकाच्या मागच्या अंगाला टेकता कामा नये. भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठं करा. ड्रिल मशीन नको, पात हाताने फिरवा.

पिनांभोवतीच्या चिरांचं कारणही आता दिसेल. नळीखालच्या कड्यांमधली भोकं गोल असतील तर दस्ता ओलाव्याने वाकला की पिना लाकूड फाडतात. ही भोकं लांबट हवीत, पुढे-मागे दीडेक मिलिमीटर. बारीक कानशीने दहा मिनिटांचं काम.

६. लॉकची खोबण

लॉकच्या आतल्या सगळ्या भागांना काजळी लावून ते बसवा, स्क्रू आवळा, घोडा दोनदा चढवा-उतरवा आणि काढा. मोठ्या कमानीचं खालचं पातं, खटक्याची नांगी आणि तिचा आडवा दांडा, या तिन्हींपैकी कशाचाही डाग लाकडावर नको. लॉकच्या पट्टीची आतली सपाट बाजू मात्र टेकायलाच हवी, आणि पट्टीचा पुढचा जाड भाग नळीच्या अंगाला पूर्ण भिडायला हवा. तो भिडत नसेल तर स्क्रू आवळताना लॉक तिरकं होतं आणि शेपूट लाकडात घुसतं. तिरकी चीर तिथूनच.

पट्टीच्या शेपटामागे केसभर मोकळीक ठेवा. खोबणीतले काटकोनी आतले कोपरे गोल पटाशीने थोडे गोलावून घ्या, कारण टोकदार कोपऱ्यात ताण साठतो. जास्त कोरू मात्र नका. लॉकखाली 'सोय म्हणून' पोकळी केलेले दस्ते मनगटातच मोडतात.

७. रेषा आणि मनगटाची जाडी

ही तपासणी शेवटी, कारण इथे दोष निघाला तर उपाय थोडेच आहेत. मनगटाच्या उघड्या लाकडावर, खोबणीच्या आत न दिसणाऱ्या जागी, पातळ शाईचा थेंब ठेवा. तो रेषांच्या दिशेने लांबट पसरतो. मेपलचे पट्टे डोळ्यांना फसवतात, शाईला नाही. रेषा मनगटाच्या दिशेशी दहास एक (दहा मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर) तिरक्या असतील तर वाकताना लाकडाची ताकद सुमारे ८१ टक्के उरते. पाचास एक असतील तर ५५. मनगट जेमतेम आठदहा सेंटिमीटरचं. पाचास एक तिरकी रेघ त्यात वरून शिरून बाजूने बाहेर पडते.

जाडी कॅलिपरने मोजा. लँकेस्टर धर्तीच्या मनगटाला उंची ३८ आणि रुंदी ३५ मिलिमीटरच्या आसपास शोभते आणि पुरतेही. ३० मिलिमीटरच्या खाली नाजूकपणा कौतुकाचा राहत नाही. नवा दस्ता घडवताना म्हणूनच सगळं लोखंड बसून होईपर्यंत मनगट चौकोनीच ठेवायचं, मग कोपरे मारून अष्टकोन, आणि शेवटचे तीन मिलिमीटर कानशीने आणि खरवडणीने. लहरी मेपलवर पटाशी जोरात चालवली तर पट्ट्यांपाशी ढलप्या उपटून येतात आणि त्या खळग्यांचा तळ गाठता गाठता मनगट नको तितकं बारीक होतं.

मग चीर भरणं

टेकणी सुटल्यावरच. तेल शिरलं असेल तर असिटोनने दोनतीनदा धुऊन सुकवा. केसाएवढ्या चिरेला पातळ सुपरग्लू. तो स्वतःच आत ओढला जातो. नख शिरेल इतकी मोठी असेल तर सावकाश सुकणारा इपॉक्सी केस वाळवायच्या यंत्राने किंचित गरम करून ओता आणि मनगट हलकेच वाकवून आत जिरवा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. गोल, निमुळत्या मनगटावर क्लॅम्प घसरतो, ट्यूब सगळीकडून सारखी दाबते. चोवीस तास हात लावू नका.

इथे थांबा

चीर मनगटाच्या दोन्ही अंगांना दिसते आहे, दोन्ही हातांनी किंचित वाकवल्यावर उघडझाप होते, भरलेली चीर टेकणी सुटूनही पुन्हा वाढली, किंवा शाईने पाचास एकची तिरपी रेघ दाखवली: रायफल वापरातून काढा आणि दस्ते बनवणाऱ्या कसबी कारागिराकडे न्या. आतून पोलादी दांडी बसवायची की दस्ता नवा करायचा, हा निर्णय त्याचा. बार करताना मनगट मोडलं तर ते गालाजवळ मोडतं.

बुडाच्या बुचाभोवती बाराची काजळी दिसली, कानाचं भोक मोठं झालंय असं वाटलं, किंवा नळी काढताना बूच हललं, तर तो विषय लाकडाचा नाही. बूच स्वतः फिरवून बघू नका. ती नळी बंदूक-कारागिराने तपासेपर्यंत तिच्यात दारू जाता कामा नये.

रायफल जुनी, अस्सल असेल तर पहिल्या तपासणीनंतरच थांबायचं. जुन्या दस्त्यांवर मनगटाला ओली कातडी शिवून आवळलेली किंवा पितळी पत्रा खिळ्यांनी ठोकलेला दिसतो. ती त्या काळची दुरुस्ती आहे, वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे. तिच्यावर इपॉक्सी ओतण्याआधी संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवा, आणि तोवर टर्पेंटाइनची चिंधीसुद्धा दुसऱ्यांदा फिरवू नका.